घाटातला ठेका आणि नाहूरचा तरणतलाव

आमच्या नाहूरच्या सोसायटीत एक तरणतलाव आहे. माहितीपत्रकात तो झाडांच्या सावलीतल्या अंगणात दाखवला होता. प्रत्यक्षात तो गाड्यांच्या पार्किंगच्या छतावर आहे, कारण कारखान्यांच्या जुन्या जागांवर उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्या इमारतींना अंगण म्हणून तेवढेच छत उरते. हा तलाव गळू लागला. खालच्या गाड्यांच्या टपांवर चुन्याचे पांढरे ओघळ दिसू लागले. ते पुसले तरी रंगावर डाग राहायचा. बांधकामातला दोष पाच वर्षांत दाखवून दिला तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, अशी तरतूद रेरा कायद्यात आहे; पण आमची ती मुदत उलटून गेली होती. सर्वसाधारण सभेत तीन तास वाद झाला आणि तलाव फोडून, नव्याने वॉटरप्रूफिंग करून, नव्या लाद्या बसवायचे ठरले. ठेकेदार नेमला. करार नव्वद दिवसांचा होता. काम चौदा महिने चालले, आणि त्यातले बहुतेक दिवस ते बंदच होते.

त्या काळात मी सोसायटीचा चिटणीस होतो. नोकरी हिशेबखात्यात आणि छंद जुन्या रेल्वेच्या बांधकामाचा, अशी माझी दुहेरी बैठक गेली वीस वर्षे आहे. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला नाही. रविवारी वाचनालयात बसून जुने अहवाल वाचायचे आणि टिपणे काढायची, एवढीच माझी पद्धत. दिवसभर ठेकेदाराला फोन करायचे आणि रात्री बोरघाटाच्या बांधकामाची टिपणे चाळायची, असे काही महिने गेल्यावर माझ्या लक्षात आले की मी एकच गोष्ट दोनदा वाचतो आहे. लांबलेले काम आणि वाईट काम या दोन्हींचे खापर आपण ठेकेदाराच्या लबाडीवर फोडतो. लबाडी असतेही. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या घाटात आणि आमच्या छतावर जे बिघडले, ते मुख्यतः कराराच्या रचनेतच बिघडलेले होते; आणि ती रचना करणाऱ्यांत, आमच्या बाबतीत, मी स्वतः होतो.

मक्ता, ठेका, गुत्ता, कंत्राट

या व्यवहाराला मराठीत निदान चार शब्द आहेत. मक्ता हा अरबी मुळाचा, गुत्ता हा कानडी-तेलुगूच्या शेजारातून आलेला आणि मराठवाड्यात आजही ऐकू येणारा, ठेका हा हिंदीशी सामाईक, आणि कंत्राट हा युरोपीयांबरोबर आलेला. चारही शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: रक्कम आधी ठरवायची आणि जोखीम दुसऱ्याच्या अंगावर टाकायची.

आपल्याकडे ही कल्पना बांधकामाच्या आधी महसुलात रुळली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगण्यांचा वसूल मक्त्याने देण्याची चाल बोकाळली. मक्तेदाराने सरकारात ठरीव रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तेवढे वसूल करायचे. मधला फरक त्याचा. त्याने पुन्हा पोटमक्ते द्यायचे. वरच्याला रक्कम मिळाली की खाली काय चालले आहे हे पाहण्याची त्याला गरज उरत नसे. बांधकामाचा ठेका म्हणजे हाच व्यवहार उलटा फिरवलेला. इथे वरून ठरीव रक्कम खाली येते, आणि ती जितकी कमी खर्च होईल तितका फरक मधल्याचा. फरकावर जगणाऱ्या माणसाला काम नीट करण्याचे कारण बाहेरून द्यावे लागते. ते द्यायचे कसे, हा या सगळ्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

भांडुपहून निघालेली गोष्ट

माझ्या खिडकीतून मध्य रेल्वेचे रूळ दिसतात. नाहूर स्टेशन तसे नवे. भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये ते उशिरा आले. रूळमार्ग मात्र देशातला पहिला प्रवासी रेल्वेमार्ग आहे. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांना मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत रेल्वे नेण्याची कल्पना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले आहे. आमच्या स्टेशनापासून भांडुप एका स्टेशनावर आहे. त्यामुळे या इतिहासाबद्दल मला थोडी शेजारधर्माची आपुलकी वाटते.

बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या टप्प्याचा ठेका फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज ठेकेदारांना मिळाला. १८५० च्या अखेरीस कामाला सुरुवात झाली. फाउलर प्रकृतीच्या कारणाने परत गेला आणि विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएलने काम पुढे नेले. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन गाडी ठाण्याला गेली, ती आमच्या या नाहूरच्या शिवारातूनच. काम पुरे झाले, गाडी धावली, ठेकेदाराचे नाव झाले. पुढच्या टप्प्यांत जमशेटजी दोराबजी या पारशी ठेकेदारानेही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, अनेक कामे घेतली, आणि कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी त्याच्या कामाची वाखाणणी केली. सपाटीवर ठेकापद्धत चालते, असा कंपनीचा विश्वास बसला.

याच विश्वासावर १८५५ मध्ये बोरघाटाचा ठेका फॅव्हिएलला देण्यात आला. आम्हीही ठेकेदार निवडताना हेच केले होते. मुलुंडच्या एका सोसायटीच्या गच्चीचे त्याने केलेले काम आम्ही पाहून आलो. काम खरोखर चांगले होते. गच्ची आणि तलाव यांत फरक काय, हे मात्र कुणी विचारले नाही. गच्चीवर पाणी पडते आणि वाहून जाते. तलावात ते रात्रंदिवस उभे राहून दाब देत असते. पाइपांच्या तोंडाशी, दिव्यांच्या खाचांशी, तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यांशी. फॅव्हिएललाही सपाटीवरून घाटात आणले गेले होते.

घाटातली तीन वर्षे

पळसदरीच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतची चढण सुमारे पावणेसोळा मैलांची. त्यात उंची १,८३१ फूट चढायची, पंचवीस बोगदे खोदायचे, आणि दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल उभारायचे. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले. पावसाळ्यात घाटात काम होत नसे, मजूर पेरणीला गावी जात. म्हणजे वर्षातले जेमतेम आठ महिने हाताशी. उरलेल्या काळात पटकीची साथ आली की माणसे मरत किंवा पळून जात.

एवढे मोठे काम एक माणूस थेट करून घेऊ शकत नव्हता. फॅव्हिएलने कामाचे तुकडे करून ते युरोपीय पोटठेकेदारांना दिले. त्यांनी मुकादम नेमले. मुकादमांनी गावोगावहून माणसे आणली. पैसा कंपनीकडून फॅव्हिएलकडे, तिथून पोटठेकेदाराकडे, मग मुकादमाकडे आणि शेवटी मजुराकडे असा उतरत होता. दर पायरीवर तो थोडा अडत होता आणि थोडा कमी होत होता. उलट दिशेने, खालून वर, बातमी चढत नव्हती. कंपनीचा इंजिनिअर झालेले काम मोजायचा. मजुरी चुकती झाली का, हे मोजणे त्याच्या कामात बसत नव्हते.

जानेवारी १८५९ मध्ये हे सगळे फुटले. मजुरी थकलेल्या कामगारांनी दंगल केली, युरोपीय कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला आणि त्यांच्यातला एक मरण पावला. त्यानंतर चौकशी झाली आणि मजुरी थकवण्याच्या तक्रारी अधिकृतपणे पुढे आल्या. मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएलने ठेका सोडला. काम अर्धवट होते.

पुढची कथा अधिक परिचित आहे. कंपनीच्या स्वॅन्सन अॅडमसन आणि जॉर्ज लुई क्लाउझर या इंजिनिअरांनी काही काळ थेट काम चालवले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने ठेका स्वतःकडे ठेवला, त्याच दोन इंजिनिअरांना कामावर नेमले आणि काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

फॅव्हिएल चोर होता का? पुढे त्यानेच सिलोनमध्ये कोलंबो ते कँडी या डोंगराळ रेल्वेचा ठेका घेतला आणि १८६७ मध्ये ती कँडीला पोहोचवली. म्हणजे डोंगर त्याला मुळातच अवघड होता असे म्हणता येत नाही. बोरघाटात मात्र पैशाच्या उतरंडीवर त्याचा ताबा राहिला नाही, आणि ज्यांनी तो ठेवायला भाग पाडायचे त्या कंपनीला त्याची फारशी निकड नव्हती. जीआयपीला सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. खर्च वाढला तरी भागधारकाचे व्याज बुडत नव्हते.

दंगलीचा एक परिणाम कायद्यात उतरला. १८६० च्या नवव्या कायद्याने रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांचा तातडीने निवाडा करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. त्याच कायद्यात करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची तरतूदही होती. मजुरी बुडवणे हा दिवाणी हिशेबाचा प्रश्न आणि काम सोडणे हा गुन्हा, अशी ती वाटणी. तराजू वापरला, पण काटा एका बाजूला वाकवून.

आतला भराव

दिरंगाईची गोष्ट इथे संपली असती, तर ती एका ठेकेदाराची गोष्ट ठरली असती. पण १९ जुलै १८६७ रोजी, घाट सुरू होऊन चार वर्षे झाल्यावर, ऐन पावसाळ्यात महूकी मळी येथील आठ कमानींचा दगडी पूल कोसळला.

दगडी पुलाचा खांब बाहेरून दिसतो तसा आतून नसतो. बाहेरच्या तोंडाला घडीव दगड असतात, कोपरे रेखीव असतात, सांधे भरलेले असतात. आतला गाभा लहानमोठे दगड आणि चुना यांच्या भरावाचा असतो. बाहेरचे दगड पुरेसे आत गेलेले हवेत, अधूनमधून गाभ्यात खोल शिरणारे लांब दगड हवेत, आणि चुना घाणीत नीट मळून मुरलेला हवा. तसे नसेल तर खांब म्हणजे पातळ दगडी पेटी आणि तिच्यात भरलेले सैल दगड. पाऊस आत शिरतो, चुना धुतो, भराव फुगतो आणि एक दिवस पेटी उघडते. महूकी मळीच्या पुलाचे दोष या जातीचे होते. चौकशी सुरू झाल्यावर जीआयपीच्या इतर दगडी कामांतही तसेच निकृष्ट काम सापडले आणि अनेक पूल पुन्हा बांधावे लागले.

हे कुणा एकाच्या माथी मारता येईल असे नव्हते. दगड रचणाऱ्याला आतले दिसत होते. पण त्याला मजुरी कामाच्या मापावर, तीही उशिरा. पोटठेकेदाराला माप वाढवायचे होते. कंपनीच्या इंजिनिअरला लांबच लांब रस्ता सांभाळायचा होता. तो आला की त्याच्यासमोर तयार, घडीव तोंड असे. ज्याला आतले दिसत होते त्याच्या हाती पैसा नव्हता, आणि ज्याच्या हाती पैसा होता त्याला आतले दिसत नव्हते. एवढे एक वाक्य माझ्या वहीत तेव्हा मी लिहिले, आणि ते लिहिताना मला आमचा दुसरा हप्ता आठवला.

आमच्या करारात तीन हप्ते होते. चाळीस टक्के आगाऊ, पन्नास टक्के लाद्या बसवून झाल्यावर, आणि दहा टक्के पाणी भरून पाहिल्यावर. हा मसुदा माझा. तेव्हा तो मला फार सावध वाटला होता. तलावात सगळ्यांत महत्त्वाचा थर लाद्यांच्या खाली असतो: जुना पृष्ठभाग खरवडणे, कोपऱ्यांत गोलाईचे वाटे काढणे, पाइपांच्या तोंडाभोवतीच्या खाचा भरणे, वॉटरप्रूफिंगचे हात देणे, आणि प्रत्येक सिमेंटच्या थरावर दिवसेंदिवस पाणी मारणे. यातले काहीही लाद्या बसल्यावर दिसत नाही. लाद्या मात्र लख्ख दिसतात. निळ्या लाद्या बसल्या, मुले कठड्यावर चढून पाहू लागली, खजिनदारांनी फोटो काढले आणि मी चेकवर सही केली. आत काय केले ते पाहण्याच्या वेळी मी ऑफिसात होतो. त्यानंतर ठेकेदाराचे फक्त दहा टक्के आमच्याकडे उरले. परत येऊन गळती शोधण्यापेक्षा ते दहा टक्के सोडून देणे त्याला स्वस्त होते. आमच्याच कराराने त्याला पळण्याचा रस्ता आखून दिला होता.

विलंबाचे सख्खे भावंड

काम लांबले की दुसरा धोका सुरू होतो, तो घाईचा. पुण्याच्या माणसाला हे सांगण्याची गरज नाही. पानशेतचे मातीचे धरण १९६१ च्या पावसाळ्यात पूर्ण झालेले नव्हते, पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचे आणि दरवाजांचे काम अपुरे होते, तरी त्यात पाणी साठवले गेले. त्या वर्षी पाऊस लवकर आणि जोराचा झाला. मोरीच्या वरचा बांध खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, खालचे खडकवासलाही टिकले नाही, आणि पुण्याचे नदीकाठचे पेठांतले जीवन वाहून गेले. चौकशी आयोगाचे काम न्यायमूर्ती बावडेकर यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले. मुदतीच्या आधी पाणी अडवण्याची ती घाई महाराष्ट्राने पुढे कायम लक्षात ठेवायला हवी होती.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले आहे. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या वर माणसे वाहून गेली. धरण गळते आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर राज्याच्या एका मंत्र्याने धरणाला खेकड्यांनी भोके पाडल्याचे कारण सांगितले. कोकणातल्या माणसाला खेकडा चांगला ठाऊक आहे. त्याला ते पटले नाही. गळती दिसत होती, कागदावर आली होती, आणि तरी ज्याने ती थांबवायची त्याला थांबवण्याचे तातडीचे कारण नव्हते.

आमचा तलाव या दोन्हींच्या शेजारी ठेवणे उद्धटपणाचे होईल. तलाव गळल्याने कुणी मेले नाही. पण रीत तीच होती. दहा महिने रखडलेले काम गुढीपाडव्याला उद्‌घाटन करायचे म्हणून शेवटच्या पंधरवड्यात उरकले गेले. सिमेंट मुरण्याआधी लाद्या चढल्या. पाडव्याच्या दिवशी नारळ फुटला, मुलांनी उड्या मारल्या, आणि तिसऱ्या दिवशी खालच्या गाडीवर पहिला थेंब पडला.

पिशव्या घेऊन बसलेले पाच जण

ठेकेदार फोन उचलेनासा झाला. त्याची पाच माणसे मात्र आमच्या छतावरच होती. पाण्याच्या टाकीमागे त्यांनी संसार मांडला होता. आठ आठवड्यांची मजुरी थकल्यामुळे त्यांना गावी जाता येत नव्हते. एक दिवस ती पाचही जणे पिशव्या भरून ऑफिसच्या दारात येऊन बसली. त्यांना भांडायचे नव्हते. त्यांना फक्त विचारायचे होते की साहेब कधी येणार.

आदल्याच आठवड्यात कमिटीने ठराव केला होता की काम पुरे होईपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. ठरावाचा मसुदा माझ्याच अक्षरात आहे. कायद्याने आम्ही बरोबर होतो. आपला करार ठेकेदाराशी आहे, या लोकांशी नाही, असे एका सदस्याने सांगितले, आणि तेही बरोबर होते. १८७२ च्या करार कायद्याच्या ५५, ७३ आणि ७४ या कलमांत मुदत, नुकसानभरपाई आणि दंड यांबद्दल जे म्हटले आहे, ते सगळे आमच्या बाजूने होते. जानेवारी १८५९ मध्ये कंपनीही याच जागी उभी होती. तिचाही करार फॅव्हिएलशी होता, त्याच्या मजुरांशी नाही.

मी त्या पाचांतल्या वयस्क मिस्त्रीला तलावाकडे घेऊन गेलो. नोंदवहीही घेतली. मी विचारण्याआधीच त्याने खिशातून एक नाणे काढले आणि तो लाद्यांवर ठोकत चालला. भरीव आवाज, भरीव आवाज, मग एकदम पोकळ. पुन्हा पोकळ. पोकळ आवाजाच्या लाद्यांवर तो खडूने फुली मारत गेला. खोल बाजूच्या दोन कोपऱ्यांत वाटे काढलेच नव्हते. दिव्याच्या एका खाचेभोवती फक्त सिमेंट थापले होते. हे त्याने आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. त्याने सांगितले होते, ठेकेदाराला, दोनदा. आम्हाला का नाही सांगितले? त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. आम्ही कधी विचारले होते?

एका अर्थाने तो माझ्या सगळ्या वाचनाचा निकाल होता. आतले दिसणारा माणूस दहा महिने आमच्याच छतावर राहत होता.

पुढचे काम कमिटीला पटवायला तीन बैठका लागल्या. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक तरतूद होती: ठेकेदाराने मजुरी थकवली तर मूळ मालकाने ती द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी. १८५९ ला मजुराच्या बाजूने दिलेले ते खरे उत्तर, शंभर वर्षे उशिरा आलेले. एवढ्या लहान कामाला तो कायदा लागू होत नव्हता. पण त्यामागचा विचार आम्हाला कुणी मना केलेला नव्हता. आम्ही थकलेल्या आठ आठवड्यांची मजुरी हजेरी पाहून थेट त्या पाच जणांना दिली, पावत्या घेतल्या, आणि ती रक्कम ठेकेदाराच्या उरलेल्या दहा टक्क्यांतून वळती केल्याची नोटीस त्याला पाठवली. रक्कम त्या दहा टक्क्यांत कशीबशी बसली. ज्या सदस्याने आधी विरोध केला होता, त्यानेच शेवटी नोटीस नीट भाषेत लिहून दिली. त्याचा आक्षेप पैशाला नव्हता. उद्या प्रत्येक जण दारात बसेल, ही त्याची भीती होती. ती भीती खोटी नाही, आणि तिला उत्तर म्हणून माझ्याकडे पावत्यांशिवाय काही नव्हते.

दुरुस्ती त्याच मिस्त्रीने केली, रोजंदारीवर. हप्ते उलटे बांधले. खरवडून झाल्यावर एक, वाटे आणि खाचा झाल्यावर एक, वॉटरप्रूफिंगचा थर लाद्यांआधीच पाणी भरून तपासल्यावर एक, आणि सगळ्यांत मोठा हप्ता शेवटी. प्रत्येक थराचा फोटो काढून तारीख लिहिली. सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याची पाळी आमच्याच मुलांनी लावून घेतली; तेवढाच त्यांना तलाव मिळत होता.

गळती तपासण्याची पद्धत सोपी आहे आणि ती प्रत्येक सोसायटीला माहीत असावी म्हणून इथे लिहितो. तलाव भरायचा, पंप बंद करायचा. पायरीवर एक बादली ठेवायची. ती तरंगू नये म्हणून आत दगड. बादलीत तलावाइतक्याच पातळीला पाणी. बादलीच्या आत आणि बाहेर, दोन्ही पातळ्यांना खूण. चोवीस तासांनी पाहायचे. ऊन दोघांनाही सारखेच लागते, म्हणून दोन्हींचे पाणी सारखेच उतरले तर तलाव धरतो आहे. तलावाचे जास्त उतरले तर तो गळतो आहे. नंतर पंप चालू ठेवून हेच पुन्हा करायचे. पंप चालू असताना गळती वाढली तर दोष भिंतीत नसून पाइपांत आहे. पाडव्यानंतर आम्ही हे केले तेव्हा बादली एक बोट उतरली होती आणि तलाव चार बोटे.

दुरुस्तीनंतर सात दिवस रोज सकाळी सहा वाजता मी खुणा पाहिल्या. वही समोरच आहे. पहिल्या दिवशी बादली एक बोट, तलाव एक बोट. दुसऱ्या दिवशी तसेच. चौथ्या दिवशी ढग होते. दोन्ही अर्धे बोट. सातव्या दिवशी मिस्त्री स्वतः पाहायला आला होता. तो वाकून पाहत असताना खाली ठाण्याकडे जाणारी सहाची लोकल नाहूरहून सुटली. त्याने खूण पाहिली, हात पुसले आणि विचारले, आता शेवटचा हप्ता आज की उद्या?

आजच, असे मी म्हणालो, आणि खजिनदारांना उठवायला गेलो.